प्रायव्हेट पासिंगची गाडी, वाट परराज्याची : अपघात झाला तर विमा मिळणार का?

द्राक्षाचे पैसे हातात आले, लग्नसराई उरकली, पोरांना सुट्ट्या लागल्या की जत, कवठेमहांकाळ, तासगाव, आटपाडीच्या गावागावांतून गाड्या बाहेर पडायला लागतात. कुणी चिंचलीच्या मायाक्काला, कुणी सौंदत्तीच्या यल्लम्माला, कुणी तिरुपतीला. तरणी पोरं गोव्याला. ही सगळी ठिकाणं महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडची. आणि यातल्या बऱ्याच गाड्या टॅक्सी म्हणून पासिंग झालेल्या नसतात. गावातल्याच कुणाची तरी पांढऱ्या पाटीची सातसीटर असते. डिझेल आपलं, ड्रायव्हरचा भत्ता आपला, वर गाडीमालकाला दिवसाचे ठरलेले पैसे. व्यवहार तोंडी. कागद म्हणाल तर गाडीच्या कप्प्यात ठेवलेली विम्याची पॉलिसी, आणि ती कुणी उघडून वाचलेली नसते.

निघताना प्रश्न एकच विचारला जातो : "आपल्या गाडीचा विमा कर्नाटकात चालतो ना?" उत्तर सोपं आहे, चालतो. पण प्रश्नच चुकीचा आहे. गाडी कुठल्या राज्यात जाते यानं विम्याला काही फरक पडत नाही. ती कशासाठी जाते आणि तिच्यासाठी पैसे घेतलेत का, यानं मात्र सगळा फरक पडतो.

हद्द ओलांडली म्हणून विमा तुटत नाही

मोटार वाहन कायदा १९८८ हा केंद्राचा कायदा. त्यातल्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला निदान थर्ड पार्टी विमा पाहिजेच. हे जतमध्ये जसं लागू, तसंच विजयपूर, बेळगाव, पणजी, चेन्नईतही लागू. विमा नसलेली गाडी चालवली तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलं तर दंड ४,००० रुपये.

पॉलिसीच्या कागदावर 'भौगोलिक क्षेत्र' अशी एक ओळ असते. तिथं 'भारत' लिहिलेलं असतं. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी कुठंही गेलात तरी तीच पॉलिसी पुरते. नेपाळ, भूतानला गाडी न्यायची असेल तरच जादा हप्ता भरून क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं.

आपल्या भागाला हे कळायला गलाई बांधवांचं उदाहरण पुरेसं आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. दिवाळीला, जत्रेला ती गावी येतात तेव्हा गल्लीत परराज्याच्या पाट्यांच्या गाड्या लागतात. त्या गाड्यांचा विमा इथं जसाच्या तसा चालतो. बारा महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. पण तो नोंदणीचा आणि रोड टॅक्सचा विषय, विम्याचा नव्हे.

विमा माणसाचा नव्हे, गाडीचा

इथं एक मोठा गैरसमज आहे. "माझ्या गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, मग गोव्यात भाड्यानं घेतलेल्या गाडीला काही झालं तर तो लागू होईल की" असं अनेकांना वाटतं. होत नाही. आपल्याकडची मोटार पॉलिसी एका गाडीला चिकटलेली असते. तिच्यावर त्या गाडीचा नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक असतो. घरच्या गाडीची पॉलिसी दुसऱ्या गाडीवर चढवता येत नाही.

अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलाकडून काही जणांनी वेगळं ऐकलेलं असतं. ते तिथल्यापुरतं खरं आहे. तिथं स्वतःच्या गाडीची वैयक्तिक पॉलिसी बहुतेक वेळा त्या माणसाच्या मागं जाते. त्यानं दुसऱ्या राज्यात भाड्यानं गाडी घेतली तरी ती पॉलिसी तिथं उपयोगी पडते. पण इथून मुलाकडं फिरायला गेलेल्या बापाची तिथली पॉलिसीच नसते. त्याला भाड्याच्या गाडीबरोबरच विमा विकत घ्यावा लागतो. इथली पॉलिसी तिथं दाखवून उपयोग नाही.

आपल्याकडं त्याची उलटी बाजूही आहे, आणि ती सोयीची आहे. गाडी मालकानं चालवली, त्याच्या भावानं चालवली की गावातल्या मित्रानं, चालवणाऱ्याकडं चालू लायसन्स असलं की पॉलिसी लागू राहते. म्हणून मित्राची गाडी फुकट मागून नेली, तर विम्याला तेवढ्यानं अडचण येत नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे. पॉलिसीबरोबर जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो 'मालक-चालक' यांच्यासाठी असतो. म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव, पॉलिसीवर ज्याचं नाव आणि स्टिअरिंगवर जो बसलाय, तो एकच माणूस पाहिजे. गाडी मागून नेणारा मित्र त्यात बसत नाही.

कर्नाटकातलं इलकल, आपल्याकडं इरकली साडीमुळं घराघरात माहीत असलेलं गाव. तिथून एक जण मालकाकडून मागून घेतलेल्या मोटारसायकलवरून आपल्या गावी निघाला होता. पुढं चाललेली बैलगाडी अचानक थांबली, धडक बसली आणि तो गेला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. २००९ साली न्यायालयानं सांगितलं की, गाडी मागून नेणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो. त्यामुळं चूक कुणाची हे न बघता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच्या घरच्यांना त्या गाडीच्या विमा कंपनीकडून पैसे मागता येणार नाहीत. दुसऱ्या कलमाखाली दावा बसतो का हे बघायला प्रकरण उच्च न्यायालयाकडं परत गेलं. पण मालकाच्या जागी उभं राहण्याचं तत्त्व कायम राहिलं, २०२० सालीही न्यायालयानं तेच धरलं.

म्हणून दुसऱ्याची गाडी घेऊन लांब जाणाऱ्यानं स्वतःच्या नावावर वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढलेला असावा. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. कुठल्याही गाडीत बसा, तो बरोबर येतो.

एक रुपया घेतला की हिशेब बदलतो

प्रायव्हेट गाडीच्या पॉलिसीवर 'वापराची मर्यादा' नावाचा एक भाग असतो. बारीक अक्षरात, बहुतेक वेळा इंग्रजीत. त्याचा अर्थ असा की, ही गाडी भाड्यानं किंवा मोबदला घेऊन वापरली, तिच्यातून धंद्याचा माल वाहिला, शर्यतीत पळवली किंवा मोटारीच्या धंद्याच्या कामाला लावली, तर पॉलिसी लागू नाही. सगळा घोळ यातल्या पहिल्याच अटीत आहे.

पांढऱ्या पाटीची गाडी वर्दीला गेली की दोन ठिकाणी नियम मोडतो. एक, परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक. कलम १९२-अ खाली त्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दोन, विम्याच्या अटीचा भंग. पहिल्यातून माणूस नाक्यावर दंड भरून सुटतो आणि पुढं निघतो. दुसरा मात्र अपघात होईपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही.

"कंपनीला काय कळतंय, पाहुणे होते म्हणून सांगायचं" असं गावात सहज बोललं जातं. पण मोठा दावा आला की कंपनी तपासनीस पाठवते. तो पोलिसांची फिर्याद आणि जबाब काढतो. दवाखान्यात पडलेला जखमी माणूस जबाबात सरळ सांगतो की, अमक्याची गाडी भाड्यानं ठरवून आम्ही देवाला निघालो होतो. त्यात त्याची चूक काहीच नाही, खरं तेच सांगतोय. मोबाईलवरून पाठवलेले पैसे, दराची बोलणी झालेले मेसेज, हे सगळं पुरावा म्हणून पुढं येतं. अटीचा भंग झाला हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, हे खरं. पण असं सगळं कागदावर असल्यावर कंपनीला ते जड जात नाही. आणि खोटं सांगितल्याचं उघडं पडलं, तर उरलीसुरली सहानुभूतीही जाते.

घरच्या चार माणसांनी डिझेल वाटून घेतलं तर? ते भाडं म्हणता येत नाही, असं सांगायला जागा आहे. पण किलोमीटरला दर ठरला, दिवसाचा आकडा ठरला आणि तोही नात्याबाहेरच्या माणसाशी, की ते भाडंच.

मग गाडीचं नुकसान पूर्ण बुडालं का? दर वेळी नाही. २०१० साली ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं खाजगी पॉलिसीची गाडी भाड्यानं वापरली होती हे धरूनही दावा सपाट फेटाळणं चूक ठरवलं. तडजोडीच्या धोरणानं, म्हणजे कमी करून, पैसे द्यायला सांगितले. त्या प्रकरणात मालकाला अडीच लाख रुपये मिळाले. पण ते ग्राहक मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून. तेवढा दम प्रत्येकाला निघत नाही. आणि हे झालं गाडीच्या पत्र्याबद्दल. गाडीत बसलेल्या माणसांचं काय, हा खरा प्रश्न आहे.

गाडीत बसलेल्यांना कोण देणार?

गावात गाडी जुनी झाली की 'फुल' सोडून नुसता थर्ड पार्टी विमा काढायची पद्धत आहे. हप्ता कमी येतो, पोलिसांना दाखवायला कागद होतो. पण थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा तिसरा माणूस. प्रायव्हेट गाडीत बसलेले प्रवासी त्यात येत नाहीत, असं न्यायालयांनी वेळोवेळी धरलं आहे.

पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात, गाडीतली माणसं येतात. २००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विमा नियामकानं कंपन्यांना पत्रकं काढून हे स्पष्ट केलं आणि न्यायालयांनीही पुढं ते मान्य केलं. पण तिथंही 'भाड्यानं नाही' ही अट आहेच.

म्हणजे दोन गोष्टी एकत्र आल्या की सगळ्यात वाईट. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आणि गाडी भाड्यानं. अशा गाडीत नऊ माणसं बसून तिरुपतीला निघाली, तर त्या नऊ जणांच्या मागं विमा म्हणून जवळपास काहीच उभं नसतं. हे ना गाडीमालकाला ठाऊक असतं, ना बसणाऱ्यांना.

पिवळ्या पाटीच्या गाडीत चित्र उलटं आहे. प्रवासी वाहनाच्या विम्यात प्रवाशांची जोखीम घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. त्यासाठीच हप्त्यात प्रत्येक प्रवाशामागं वेगळी रक्कम घेतलेली असते.

बोजा सातबाऱ्यावर येऊ शकतो

समजा, वर्दीला गेलेल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीनं परराज्यात रस्त्यावरच्या माणसाला उडवलं. त्या माणसाच्या घरच्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा टाकला. कंपनी अटीचा भंग दाखवते. अशा वेळी न्यायाधिकरणं बऱ्याचदा 'आधी भरा, मग वसूल करा' असा आदेश देतात. कंपनीनं पीडिताला पैसे द्यायचे आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायचे. २०१८ साली टाटा एआयजीच्या प्रकरणात परवाना नसलेल्या वाहनाबाबत सर्वोच्च न्यायालयानं हाच मार्ग ठेवला. परवाना नसणं हा किरकोळ दोष नव्हे, मूलभूत भंग आहे, असंही न्यायालयानं म्हटलं.

पीडिताच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, त्याला पैसे मिळतात. पण मालकाला याचा अर्थ नीट कळायला पाहिजे. कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरणानं ठरवलेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शेतकऱ्याला यापुढं समजावून सांगायची गरज नाही. दोन दिवसांच्या भाड्याचे चार पैसे घेतले आणि वसुली जमिनीपर्यंत आली, असं होऊ शकतं.

काही प्रकरणांत कंपनीला पूर्ण मोकळीक देऊन सगळी रक्कम मालकावरच टाकली जाते. मग पीडिताला मालकाच्या मागं फिरावं लागतं. निकाल सगळीकडं एकसारखे नाहीत, आणि या बाबतीत नशिबावर भरवसा ठेवणं महागात पडतं.

मग पिवळी पाटी का लावत नाहीत?

गाडीमालकाला नुसतं दोषी धरून प्रश्न सुटत नाही. त्याचं गणितही बघायला पाहिजे.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या प्रायव्हेट गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये होता. तेवढ्याच इंजिनाच्या, सहा प्रवाशांपर्यंतच्या टॅक्सीला मूळ हप्ता ७,९४० रुपये आणि वर प्रत्येक प्रवाशामागं ९७८ रुपये. चार प्रवासी धरले तरी आकडा ११,८५२ वर जातो. म्हणजे साडेतीन पटीच्या आसपास. त्यावर कर वेगळा. शिवाय परवाना, वेग नियंत्रक, आणि गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस. परराज्यात जायला टुरिस्ट परमिट.

पुण्या-मुंबईत गाडी रोज धावते, तिथं हा खर्च निघतो. जत किंवा आटपाडीत वर्षातून मोजक्या वर्द्या लागतात. बाकीचे दिवस तीच गाडी मालकाच्या घरची माणसं दवाखान्याला आणि बाजारला नेते. ती पिवळी करणं त्याला परवडत नाही. लायसन्सचा अडसर मात्र आता राहिलेला नाही. साडेसात टनांच्या आतल्या हलक्या वाहनांना साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंच स्पष्ट केलं.

बिनड्रायव्हरची गाडी भाड्यानं द्यायची तर नियम आणखी लांबचा. त्यासाठी १९८९ ची 'रेंट अ कॅब' योजना आहे. तिच्यात परवाना घ्यायला निदान ५० गाड्या पाहिजेत, त्यातल्या निम्म्या वातानुकूलित पाहिजेत. एका तालुक्यात एका माणसाकडं ५० गाड्या कुठून येणार? म्हणजे ग्रामीण भागात दोन-तीन गाड्या कायदेशीर भाड्यानं द्यायला दारच ठेवलेलं नाही. दार नाही म्हणून लोक भिंतीवरून उडी मारतात आणि पडल्यावर विमा कंपनी अटीकडं बोट दाखवते.

हे बदलायचं काम सरकारचं आहे. लहान मालकाला परवडेल असा मर्यादित दिवसांचा परवाना आणि तेवढ्याच दिवसांचा प्रवासी विमा, अशी काही सोय झाली तर हजारो गाड्या उघडपणे कायद्यात येतील. तोवर धोका मालक आणि प्रवासी यांच्या डोक्यावरच आहे.

गोव्यात गाडी घेताना

गोव्यात उतरल्यावर बिनड्रायव्हरची गाडी घ्यायची असेल तर आधी पाटी बघा. परवान्यातली भाड्याची कार असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असलेली गाडी स्वस्त मिळते, पण तिचा विमा खाजगी वापराचा असतो, आणि तुम्ही ती भाड्यानं घेतलेली असते. वर सांगितलेलं सगळं मग तुमच्यावर येतं. अशा गाड्यांवर तिथं वेळोवेळी कारवाईही होते. कारवाईत गाडी अडकली तर सहल तिथंच संपते. स्कूटर घेतानाही हेच तपासा.

परवान्याच्या गाडीतही करार वाचूनच सही करा. नुकसान झालं तर किती रकमेपर्यंत तुमच्याकडून घेणार, डिपॉझिट कधी परत देणार, आणि गाडी गोव्याबाहेर न्यायला परवानगी आहे का, या तीन गोष्टी लिहून पाहिजेत. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा.

नाक्यावर काय दाखवायचं, घरी काय तपासायचं

परराज्यातल्या पोलिसांनी अडवलं तर चार गोष्टी लागतात : आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ बदलला. तेव्हापासून ही कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवली तरी चालतात. डिजिलॉकर आणि एम-परिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदाइतकीच धरावीत, असं केंद्रानं राज्यांना कळवलेलं आहे. विम्याची मुदत एम-परिवहनमध्ये चालू दिसत असेल तर विम्याचा वेगळा कागद मागायची गरज नाही, असंही त्यात आहे. मात्र व्हॉट्सॲपवर आलेला पॉलिसीचा फोटो म्हणजे हे नव्हे. घाटात रेंज जाते, म्हणून निघण्याआधी ॲप उघडून कागदपत्रं उतरवून घ्या आणि एक छापील प्रत गाडीत ठेवा.

पण नाक्यावरचा पुरावा वेगळा आणि दाव्याचा पुरावा वेगळा. पोलिसाला विमा आहे एवढंच बघायचं असतं, कंपनी त्यात काय आहे हे बघते. म्हणून घरी बसून पॉलिसीतल्या या गोष्टी तपासाव्यात :

१. मुदत कधी संपते. परतायच्या तारखेच्या आत संपत असेल तर आधीच भरा.

२. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज. नुसती थर्ड पार्टी असेल तर लांबच्या प्रवासाला दहा वेळा विचार करा.

३. 'वापराची मर्यादा' ही ओळ. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकल्यासवरल्या पोरीकडून वाचून घ्या.

४. नाव कुणाचं. पुण्या-मुंबईतून जुनी गाडी आणली, पण आरसी आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावरच, हे गावात सर्रास आहे. थर्ड पार्टीपुरता विमा कायद्यानं नव्या मालकाकडं जातो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं.

५. पॉलिसी खरी आहे का. गाडी क्रमांक टाकून एम-परिवहनमध्ये विमा दिसतो का बघा. स्वस्तात काढून दिलेली पॉलिसी तिथं दिसत नसेल तर कंपनीला थेट विचारा.

गाडी भाड्यानं करायचीच असेल तर पिवळ्या पाटीची करा आणि मालकाकडून टुरिस्ट परमिट, फिटनेस आणि विमा या तिन्हींच्या तारखा बघून घ्या. माणसं जास्त असतील तर एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. आगारात जाऊन चौकशी केली की दर कळतो. माणशी हिशेब काढला तर खाजगी गाडीपेक्षा तो फार वेगळा येत नाही, हे बऱ्याच जणांना चौकशी केल्यावरच कळतं.

परराज्यात अपघात झालाच तर

ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथंच नोंद करा. समोरच्यानं "मिटवून टाकू" म्हटलं तरी माणसाला लागलं असेल तर नोंद झालीच पाहिजे. पंचनाम्याची आणि फिर्यादीची प्रत घ्या. कन्नडमध्ये असेल तर पुढं भाषांतर करून घेता येतं, पण प्रत हातात पाहिजे. गाडी हलवण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करून तक्रार क्रमांक घ्या.

दाव्यासाठी परराज्यात हेलपाटे मारायची गरज नाही. कलम १६६ प्रमाणे जखमी किंवा मृताचे वारस आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात दावा टाकू शकतात. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दहावं, तेरावं, शेतीची कामं यात हे दिवस कधी निघून जातात कळत नाही. त्यामुळं वकिलाकडं लवकर जावं.

कंपनीनं गाडीचा दावा नाकारला तर कारण लेखी मागा. 'वापराची मर्यादा' असं कारण आलं तरी सगळं संपलं असं समजू नका. २०१० च्या निकालाचा आधार घेऊन काही रक्कम तरी मागता येते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं, मग पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं. लोकपालाकडं वकील लागत नाही, फीही लागत नाही. तिथं नको असेल तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार घेण्याची सोय केली आहे.

गाडी देणारा आणि गाडी नेणारा, दोघंही गावातलेच असतात. वाईट काही घडलं तर भरपाईचा वाद कंपनीशी कमी आणि त्या दोन घरांत जास्त होतो. चांगल्या संबंधांतली माणसं मग कोर्टात समोरासमोर उभी राहतात. तेव्हा गाडी मागायला आलेल्याला मालकानं आणि गाडी ठरवणाऱ्यानं मालकाला, पैशाचं बोलायच्या आधी पॉलिसी दाखवायला सांगावं. पाच मिनिटांचं काम आहे.